न आठवणाऱ्या पापाचे काय करायचे?



विज्ञानकथांच्या मालिका म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अंतराळयाने, किरणांच्या बंदुका आणि विचित्र डोक्यांचे परग्रहवासी येतात. तरुण मंडळी त्या आवडीने पाहतात आणि थोरली मंडळी 'काय हा पोरखेळ!' म्हणत रिमोट हातात घेतात. आम्ही अशा मालिकांचे जुने चाहते आहोत, हे आमच्या युवा संघातील मुलांना चांगले ठाऊक आहे. ती कधी कधी विचारतात, "फादर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकलात, मग हे कसलं बघता?" त्यांना आम्ही सांगतो, की जे प्रश्न सेमिनरीच्या वर्गात कोरडे वाटायचे, ते चांगल्या कथेत आपल्या अंगावर धावून येतात.

आज अशाच एका मालिकेतील एका भागाविषयी लिहीत आहोत. त्यातली माणसे अंतराळात राहत असली तरी त्यातला प्रश्न आपल्या ओटीवरचा आहे. माणसाला स्वतःचे पापच आठवत नसेल, तर त्या पापाचे काय करायचे? त्याने पश्चात्ताप कशाचा करायचा? आणि ज्यांचे त्याने वाईट केले, त्यांनी क्षमा तरी कुणाला करायची?

ब्रदर एडवर्डची कथा

'बॅबिलॉन ५' ही अमेरिकन मालिका १९९४ ते १९९८ या काळात पाच पर्वांत दाखवली गेली. तेविसाव्या शतकातील एका अंतराळस्थानकाची ही कथा. पृथ्वीवरची माणसे आणि निरनिराळ्या ग्रहांवरचे लोक तेथे एकत्र राहतात, व्यापार करतात, भांडतात आणि समेट करतात. मालिकेचा कर्ता जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की. हा लेखक स्वतःला निरीश्वरवादी म्हणवतो. पण श्रद्धाळू माणसांना तो हास्यास्पद करत नाही, त्यांचे ऐकून घेतो. तिसऱ्या पर्वातील 'पासिंग थ्रू गेथशेमाने' हा भाग प्रथम नोव्हेंबर १९९५ मध्ये दाखवला गेला, आणि तो पूर्णपणे ख्रिस्ती मठवासीयांभोवती फिरतो.

ब्रदर थिओ यांच्या हाताखाली काही मठवासी या स्थानकावर येऊन राहिले आहेत. परग्रहवासी देवाला कोणत्या नावांनी हाक मारतात, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. कुणाचे फुकट खायचे नाही म्हणून ते संगणकाची व इतर तांत्रिक कामे करतात. त्यांच्यातला ब्रदर एडवर्ड मोठा सौम्य, हसतमुख माणूस आहे. मिनबारी नावाच्या परग्रहवासी जमातीतील डेलेन आणि लेनियर एकदा त्याला विचारतात, की तुझ्या श्रद्धेचा गाभा कोणता? एडवर्ड क्रूस किंवा पुनरुत्थान यांपाशी सुरुवात करत नाही. तो गेथशेमाने बागेतील रात्रीविषयी बोलतो. आपल्याला पकडायला लोक येत आहेत हे येशूला ठाऊक होते. उठून निघून जाणे त्याला शक्य होते. तरी तो थांबला. मी त्या जागी असतो तर थांबलो असतो का, हे मला ठाऊक नाही, असे एडवर्ड प्रामाणिकपणे सांगतो.

त्यानंतर एडवर्डच्या आयुष्यात भयंकर गोष्टी घडू लागतात. त्याला काळा गुलाब सापडतो. भिंतीवर रक्ताने लिहिलेली अक्षरे दिसतात. कुणा स्त्रीचा आवाज कानी येतो. तो घाबरतो, पण पळ काढत नाही. जुन्या नोंदी शोधतो आणि त्यात त्याला स्वतःचाच चेहरा सापडतो. तो एकेकाळी चार्ल्स डेक्स्टर नावाचा खुनी होता. त्याने अनेक स्त्रियांचे जीव घेतले होते. त्या काळच्या कायद्यात अशा गुन्हेगाराला फाशी देत नाहीत, 'व्यक्तिमत्त्वाचा मृत्यू' ही शिक्षा देतात. त्याच्या सर्व आठवणी पुसून टाकायच्या, त्याला नवे नाव, नवा स्वभाव, समाजसेवेची ओढ द्यायची आणि बाहेर सोडायचे. असा 'नवा' झालेला माणूस आपली वाट शोधत मठात आला आणि ब्रदर एडवर्ड झाला.

मरण पावलेल्या स्त्रियांच्या नातेवाइकांना हे पसंत नाही. आमच्या मुली मातीत गेल्या आणि हा सुखाने प्रार्थना करत बसला आहे, हे त्यांना सहन होत नाही. ते त्याला शोधून काढतात, मन वाचणाऱ्या एका परग्रहवासीयाकडून त्याच्या बंद आठवणींचे दार फोडतात आणि मग त्याला गाठतात. एडवर्डला ते येणार हे कळलेले असते. त्याची गेथशेमानेची रात्र आलेली असते, आणि तो थांबतो. ते त्याला ठार मारतात. शेवटच्या क्षणी ब्रदर थिओ पोहोचतात आणि त्याला पापक्षमा देतात.

कथा येथे संपली असती, तर आम्ही डोळे पुसून उठलो असतो. पण आणखी एक प्रसंग आहे. एडवर्डला मारणाऱ्यांचा म्होरक्या माल्कम पकडला जातो. त्यालाही तीच शिक्षा होते. काही काळाने ब्रदर थिओ स्थानकाचे प्रमुख कॅप्टन शेरिडन यांना मठातल्या एका नव्या ब्रदरची ओळख करून देतात. तो माल्कमच असतो. त्याला आता काही आठवत नाही. तो हसून हात पुढे करतो. शेरिडन यांचा हात पुढे होत नाही. थिओ त्यांना इतकेच सुचवतात, की क्षमा ही अवघड गोष्ट आहे. मग मोठ्या कष्टाने शेरिडन तो हात हातात घेतात.

या भागामागची एक हकीगत चाहत्यांना ठाऊक आहे. अशाच आशयाची एक कल्पना कुणा चाहत्याने चर्चेत सहज बोलून दाखवली होती. त्यामुळे कल्पना कुणाची, हा वाद नको म्हणून लेखकाला ही कथा बाजूला ठेवावी लागली. त्या चाहत्याने लेखी संमती दिल्यावरच ती पडद्यावर आली. म्हणजे हा प्रश्न एका लेखकाच्याच डोक्यात नव्हता. आठवण गेली तर पाप जाते का, हे अनेकांना छळत असते.

तोच माणूस की दुसरा?

पहिला प्रश्न सरळ आहे. ब्रदर एडवर्ड म्हणजे चार्ल्स डेक्स्टरच का?

इंग्लंडचे तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी आपल्या मोठ्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत या प्रश्नाला एक स्वतंत्र प्रकरण दिले. त्यांचे उत्तर थोडक्यात असे: व्यक्ती तीच राहते ती जाणिवेमुळे. काल मी जे केले त्याची जाणीव आज माझ्यापर्यंत पोहोचते, म्हणून कालचा मी आणि आजचा मी एकच. ही जाणीव तुटली, तर शरीर तेच असले तरी व्यक्ती ती नव्हे. लॉक यांच्या मापाने एडवर्ड निर्दोष ठरतो. मालिकेतल्या न्यायाधीशांनीही बहुधा हेच पुस्तक वाचले असावे!

पण १७८५ मध्ये स्कॉटलंडचे टॉमस रीड यांनी याला एक चोख उत्तर दिले. समजा, एका मुलाला फळबागेत चोरी केल्याबद्दल फटके बसले. पुढे तो शूर सैनिक झाला आणि त्याने शत्रूचा झेंडा हस्तगत केला. म्हातारपणी तो सेनापती झाला. सैनिक असताना त्याला लहानपणचे फटके आठवत होते. सेनापती झाल्यावर झेंड्याचा पराक्रम आठवतो, पण फटके मात्र विसरले. लॉक यांच्या नियमाने मुलगा आणि सैनिक एक, सैनिक आणि सेनापती एक, पण मुलगा आणि सेनापती वेगवेगळे! हे कुणाला पटेल? आपल्या आईला आपल्या जन्माची घटका आठवते, आपल्याला आठवत नाही. म्हणून जन्मलेले ते बाळ दुसरेच कुणी होते, असे आपण म्हणत नाही.

संत थॉमस अक्वायनस याहून जमिनीवरचे बोलतात. माणूस म्हणजे नुसते मन किंवा नुसता आत्मा नव्हे. आत्मा आणि शरीर मिळून माणूस होतो. करिंथकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायावर भाष्य करताना, केवळ माझा आत्मा म्हणजे मी नव्हे, अशा अर्थाचे ते लिहितात. या दृष्टीने पाहिले तर ज्या हातांनी खून केले त्याच हातांनी एडवर्ड जपमाळ धरतो. ते कृत्य त्याचे आहे. त्याच्या डोक्यातली नोंद कुणी खोडली म्हणून जगातली नोंद खोडली जात नाही. त्या स्त्रिया मेल्या त्या मेल्याच.

हा प्रश्न आता मालिकेपुरता राहिलेला नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात व्हर्नन मॅडिसन या माणसाने १९८५ मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याचा खून केला. त्याला देहदंड सुनावला गेला. वर्षे लोटली. २०१५ आणि २०१६ मध्ये त्याला पक्षाघाताचे मोठे झटके आले, स्मृतिभ्रंश जडला आणि केलेला खून त्याला आठवेनासा झाला. अशा माणसाला मारावे का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये निकाल दिला. न्यायालय म्हणाले, की गुन्हा आठवत नाही एवढ्याने शिक्षा टळत नाही. परंतु आपल्याला ही शिक्षा का दिली जात आहे, हे समजून घेण्याची कुवतच आजाराने नष्ट केली असेल, तर त्याला मारता येणार नाही. प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयाकडे गेले. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, मॅडिसन तुरुंगात मरण पावला.

या निकालातील भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आठवणे वेगळे आणि समजणे वेगळे. एडवर्डला आठवत नव्हते, पण नोंदी वाचल्यावर त्याला समजले. आणि समजल्यावर त्याने 'तो मी नव्हेच' असा पवित्रा घेतला नाही.

आठवत नाही त्याचा पश्चात्ताप

ब्रदर थिओंसमोर एडवर्ड जो आकांत करतो, तो आमच्यासारख्या धर्मगुरूला ऐकवत नाही. जे पाप मला आठवत नाही ते मी कबूल कसे करू? त्याची क्षमा मागू तरी कशी?

आपल्या ख्रिस्तसभेकडे यावर काही सांगण्यासारखे आहे. प्रायश्चित्त संस्काराविषयी ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५५१ मध्ये शिकवण दिली. मनापासून आत्मपरीक्षण करूनही जी पापे आठवली नाहीत, ती त्या पापनिवेदनात आलीच असे समजावे. पुढे आठवली, तर ती सांगावीत. किती शहाणी शिकवण आहे ही! क्षमा आपल्या स्मरणशक्तीवर अवलंबून ठेवली असती, तर ज्याची आठवण तल्लख त्याचेच तारण झाले असते. आणि विसराळू माणसाला विसरण्याचा फायदाही मिळत नाही, कारण आठवल्यावर सांगण्याची जबाबदारी राहते. संत पौल करिंथकरांना हेच वेगळ्या शब्दांत सांगतो. माझे मन मला दोष देत नाही, म्हणून काही मी निर्दोष ठरत नाही. न्याय करणारा प्रभू आहे.

दुसरी गोष्ट. जे आपण स्वतः आठवू शकत नाही त्याचाही खेद करता येतो, याचा धडा पोप जॉन पॉल दुसरे यांनी सर्व जगासमोर घालून दिला. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, त्यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी गतकाळात केलेल्या पापांबद्दल देवाकडे क्षमायाचना केली. त्यातली बरीचशी पापे शतकांपूर्वीची. तिथे जमलेल्यांपैकी कुणालाही ती 'आठवत' असणे शक्य नव्हते. तरीही ती आपल्या घराण्याची आहेत, म्हणून त्यांनी ती पदरात घेतली. या कार्याला त्यांनी स्मृतीचे शुद्धीकरण म्हटले. हा शब्द आपण लक्षात ठेवू या, पुढे त्याची गरज लागणार आहे.

एडवर्डने नेमके असेच केले. कागदावर वाचलेले पाप त्याने पदरात घेतले. त्याचे रडणे हे आठवणीतून आलेले नव्हते, ते सत्य स्वीकारण्यातून आलेले होते. आमच्या मते तो पश्चात्ताप खरा होता, आणि ब्रदर थिओंनी दिलेली पापक्षमाही योग्य होती.

मग त्या शिक्षेत चुकले काय? पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये धर्मशिक्षणग्रंथात दुरुस्ती करून देहदंड कोणत्याही परिस्थितीत अमान्य ठरवला. त्याचे एक कारण असे, की दोषी माणसाला सुधारण्याची संधी कायमची हिरावून घेता कामा नये. वरवर पाहता मालिकेतील कायदा दयाळू वाटतो, कारण तो कुणाला मारत नाही. पण जरा खोल पाहा. ज्याला रडायला हवे होते, त्याच्या डोळ्यांतले पाणीच त्याने काढून घेतले. डेक्स्टरला पश्चात्ताप करण्याची संधी मिळाली नाही, आणि मेलेल्या मुलींच्या आईबापांना 'माझे चुकले' हे शब्द ऐकायला मिळाले नाहीत. त्यांनी कायदा हाती घेऊन खून केला, ते पापच. पण त्यांच्या रागात एक खरी तक्रार होती. आमच्या मुलींची आठवण ठेवणारा शेवटचा साक्षीदार तुम्ही पुसून टाकलात, ही ती तक्रार.

आपला हात का आखडतो?

आता शेवटच्या प्रसंगाकडे येऊ. हा भाग आम्ही किती वेळा पाहिला, ते मोजलेले नाही. दरवेळी माल्कमने हात पुढे केला, की शेरिडन यांच्याबरोबर आमचाही हात आखडतो. आणि दरवेळी आम्ही स्वतःला विचारतो, एडवर्डच्या वेळी असे का झाले नाही?

तर्काने पाहिले तर दोघांची बाजू सारखी आहे. दोघेही खुनी. दोघांचीही आठवण पुसलेली. दोघांच्याही अंगावर तोच झगा. उलट हिशेब केला तर एडवर्डचे गुन्हे अधिक. तरी एडवर्डसाठी डोळ्यांत पाणी येते आणि माल्कमला पाहून अंगावर काटा येतो. कारण एवढेच, की एडवर्ड आम्हाला आधी चांगला माणूस म्हणून भेटला आणि त्याचा भूतकाळ नंतर कळला. माल्कमचा गुन्हा आधी डोळ्यांनी पाहिला आणि चांगुलपणा नंतर समोर आला. म्हणजे आपण ज्याला क्षमा म्हणतो, ती पुष्कळदा कोणती गोष्ट आधी कळली यावर ठरते!

प्रियजनहो, हे आपल्या धर्मग्रामाला लावून पाहा. बाहेरगावाहून आलेल्या माणसाशी आपण गोड बोलतो. त्याने मागे काय केले ते आपल्याला ठाऊक नसते, आणि आपण ते विचारतही नाही. पण आपल्याच आळीतला एखादा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन येतो, किंवा शिक्षा भोगून घरी येतो, तेव्हा मिस्सेला त्याच्या बाकावर जागा रिकामी राहते. शांतीचे अभिवादन करताना आपले हात सगळीकडे वळतात, त्याच्या दिशेला मात्र वळत नाहीत. त्याच्या मुलीचे लग्न ठरत असले, की कुणीतरी हळूच मुलाकडच्यांच्या कानाला लागतो. वीस वर्षे तो नीट वागला तरी लोकांच्या तोंडी तो 'तोच तो' असतो. देवाच्या दृष्टीने मात्र आधी आणि नंतर असा फरक नाही. तो एडवर्डलाही आधीपासून ओळखतो आणि माल्कमलाही.

ज्याची आठवण पुसली नाही, त्याचे काय?

या मालिकेची एक मर्यादा आम्हाला जाणवते. तिथे क्षमेचा प्रश्न आठवण पुसलेल्या माणसाबाबत उभा केला आहे. पण आपल्या जगात आठवणी अशा पुसता येत नाहीत. इथे गुन्हेगारालाही आठवत असते आणि दुखावलेल्यालाही. अशा ठिकाणी क्षमा शक्य आहे का?

हा भाग प्रथम दाखवला गेला, त्याच १९९५ सालची आपल्या देशातील घटना आपणास माहीत आहे. केरळच्या पुल्लुवळी गावच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात गोरगरीब आदिवासींमध्ये काम करत होत्या. कर्जाच्या आणि वेठबिगारीच्या जाळ्यातून लोक सुटू लागले, हे काही धनिकांना खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समुंदर सिंग याने त्यांच्यावर पन्नासहून अधिक वार केले. तो पकडला गेला, त्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारिया यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि रक्षाबंधनाच्या निमित्ताने त्याच्या मनगटावर राखी बांधून त्याला भाऊ मानले. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले आणि २००६ मध्ये तो सुटला. राणी मारियांच्या आईने त्याचे हात हाती घेऊन त्यांचे चुंबन घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

या हकीगतीत कुणाचीही आठवण पुसली गेली नाही. समुंदर सिंगला प्रत्येक वार आठवतो. आईला मुलगी आठवते. बहिणीने राखी बांधली ती कोणत्या मनगटावर, हे तिला पूर्ण ठाऊक होते. तिथे विसरणे कामी आले नाही. आठवण जागच्या जागी राहिली, फक्त तिच्यातले विष गेले. पोप जॉन पॉल म्हणाले ते स्मृतीचे शुद्धीकरण हेच. पाटी पुसणे सोपे. त्याच पाटीवर, आधीचे न खोडता, खाली नवी ओळ लिहिणे कठीण.

पुनरुत्थित येशूच्या शरीरावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. ज्याने मरण जिंकले त्याला त्या खुणा पुसणे अवघड होते का? त्याने त्या ठेवल्या, आणि त्याच खुणा दाखवून शिष्यांना शांती दिली.

आपल्या घरात

आता हा विषय आपल्या उंबरठ्याच्या आत आणू या.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही घरोघर जातो, तेव्हा स्मृतिभ्रंश झालेली वडीलधारी माणसे भेटतात. त्यांच्यात काहीजण असे असतात, की ज्यांनी उमेदीत घरच्यांना फार छळले. कुणी बायकोवर हात उचलला, कुणी मुलीचे शिक्षण तोडले, कुणी एका मुलाच्या नावावर वाडी करून दुसऱ्याला उघड्यावर टाकले. आज ते लहान मुलासारखे हसतात. त्यांना काही आठवत नाही. ज्या सुनेला त्यांनी पाण्यात पाहिले, तिच्याच हातून ते पेज खातात आणि तिला 'बाय' म्हणतात. आणि ती सून किंवा ती मुलगी आम्हाला अंगणापर्यंत पोहोचवायला येते आणि विचारते, "फादर, मी क्षमा करायची कुणाला? ज्याने केलं, तो तर आता राहिलाच नाही. आणि जो पलंगावर आहे, त्याने काही केलंच नाही."

ब्रदर एडवर्डचाच प्रश्न हा, दुसऱ्या बाजूने विचारलेला. अशा भगिनींना आम्ही सांगू इच्छितो, की पलंगावरचा माणूस तोच आहे. तुम्हाला दुखले ते खरे आहे. त्यांना आठवत नाही म्हणून तुमचे दुःख खोटे ठरत नाही, आणि 'झालं गेलं विसर' असे तुम्हाला सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. ते तुमच्याकडे क्षमा मागू शकणार नाहीत, हा तुमचा मोठा तोटा आहे. तरीही, क्रूसावरून येशूने क्षमा मागितली ती आपण काय करतो हे न समजणाऱ्यांसाठी. त्यांनी मागितली नव्हती, तरी त्याने ती दिली. तुम्ही पेजेचा चमचा भरवता, तेव्हा तुमच्या मनात राग असेल तरी तुमचा हात क्षमा करत असतो. शेरिडन यांचाही हात आधी पुढे गेला, मन मागाहून येत होते. मन यायला वेळ लागला तर स्वतःला दोष देऊ नका.

पण याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. आजाराने विसरणे वेगळे आणि सोयीने विसरणे वेगळे. रात्री पिऊन घरात धिंगाणा घालायचा, बायकोमुलांना मारायचे आणि सकाळी 'मला काहीच आठवत नाही' म्हणून चहा मागायचा, हे आपल्याकडे नवे नाही. गंमत अशी, की जाणिवेवर सगळी मदार ठेवणाऱ्या लॉक यांनाही हा दारुडा आडवा आला होता. नशेत केलेल्या कृत्याला न्यायालय शिक्षा देते ते योग्यच, असे त्यांनी म्हटले, कारण कृत्य उघड दिसते आणि न आठवल्याचा पुरावा कुणी देऊ शकत नाही. संत थॉमस यांचा मार्ग आणखी सरळ आहे. जो जाणूनबुजून पितो, त्याने ग्लास उचलतानाच पुढची जबाबदारी उचललेली असते. अशा माणसाला आठवत नसेल, तर त्याने एडवर्डसारखे करावे. नोंद शोधावी. नोंद दूर नाही, ती बायकोच्या दंडावर आहे, मुलांच्या दचकण्यात आहे. ती वाचावी, पदरात घ्यावी, उपचार घ्यावेत. आणि त्या भगिनीला आम्ही सांगतो, क्षमा करणे म्हणजे मार खात राहणे नव्हे. मदत मागणे हे पाप नाही. आमचे दार उघडे आहे.

शेवटी एक प्रश्न आपणा सर्वांसाठी. एडवर्डला एकदाच नोंद वाचावी लागली. आपल्यापैकी प्रत्येकाची एक नोंद कुणा दुसऱ्याजवळ असते. आपण सहज बोलून गेलेला एखादा शब्द, न दिलेली एखादी मजुरी, सरकवलेला एखादा बांध, वर्गात सर्वांसमोर केलेली एखाद्या मुलाची थट्टा. आपण विसरलो, समोरचा विसरलेला नाही. पुढच्या वेळी पापनिवेदनाला येण्याआधी आपण डोळे मिटून आत्मपरीक्षण करतो, ते जरूर करावे. त्याबरोबर एखाद्या जवळच्या माणसाला विचारून पाहावे: माझ्यामुळे तुला काही लागले आहे का, जे मला आठवत नाही? उत्तर ऐकेपर्यंत तिथे थांबायला धीर लागतो. गेथशेमानेत तीन शिष्य होते. ते पळाले नंतर, पण त्याआधी ते झोपी गेले होते.

प्रभू आपणांस जागे राहण्याची शक्ती देवो, ऐकून घेण्याचा धीर देवो, आणि पुढे आलेला हात हाती घेण्याची कृपा देवो.

आपले धर्मगुरू